खोकला-तापासाठी आयजीएम-आयजीजी तपासणी: पावसाळ्यात पैसे कुठे घालावेत?

मिरगाचा पाऊस सुरू झाला, लावणीसाठी माणसं दिवसदिवस चिखलात उभी राहू लागली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की पुढचा मुक्काम लॅबच्या कलेक्शन सेंटरवर. तिथल्या दरपत्रकावर मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड यांच्या खाली आता आणखी दोन-तीन ओळी दिसतात: कोविड अँटीबॉडी, इन्फ्लुएंझा आयजीएम, रेस्पिरेटरी आयजीएम पॅनल. हे परीक्षण फक्त या खालच्या ओळींचं आहे. अँटीबॉडी म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध बनवलेलं रक्तातलं प्रथिन; आयजीएम हा तिचा आधी तयार होणारा प्रकार, आयजीजी हा नंतर येऊन जास्त टिकणारा.

निकाल आधीच सांगतो. आजाराच्या पहिल्या आठवड्यात एकदाच रक्त काढून खोकला-ताप कोणत्या विषाणूमुळे आला हे ठरवायचं असेल, तर ही तपासणी घेऊ नये. पॉझिटिव्ह आली तरी तिच्यावरून उपचार ठरत नाहीत आणि निगेटिव्ह आली म्हणून काही वगळता येत नाही. तो खर्च नाका-घशाच्या स्वॉबवर करावा. रक्तातल्या अँटीबॉडीचा उपयोग होतो अशाही काही ठरावीक वेळा आहेत. त्या पुढे सविस्तर दिल्या आहेत, कारण तिथे हीच तपासणी फार मोलाची ठरते.

डेंग्यूला चालते, मग खोकल्याला का नाही?

हा प्रश्न कोकणात हमखास येतो आणि तो रास्त आहे. इथल्या घराघरांत ‘आयजीएम’ हा शब्द डेंग्यू आणि लेप्टोमुळे पोचला. दोडामार्ग-सावंतवाडीकडे तो माकडतापामुळेही ओळखीचा झाला. तिन्ही आजारांत रक्ताची अँटीबॉडी तपासणी खरोखर कामाची आहे. साहजिकच तीच सवय खोकल्याच्या तापालाही लागते.

पण तिथेही दिवस मोजावे लागतात. डेंग्यूत पहिल्या ५ दिवसांत एनएस१ अँटिजेन, म्हणजे विषाणूचंच एक प्रथिन बघतात, आयजीएम त्यानंतर. लेप्टोचं आयजीएमसुद्धा साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून सापडू लागतं. माकडतापात सुरुवातीला पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी तपासणी), मग आयजीएम. म्हणजे ‘रक्त दिलं की कळतं’ असं नसून ‘योग्य दिवशी दिलं तर कळतं’ असं आहे. खोकल्याच्या विषाणूंमध्ये हे दिवस रुग्णाच्या गैरसोयीचे पडतात. आयजीएम मोजता येण्याइतकं तयार व्हायला ५ ते ७ दिवस, पुष्कळदा त्याहून जास्त लागतात. आयजीजीला १० ते १४ दिवस. कोविडमध्ये तर बहुतेकांत दोन्ही अँटीबॉडी दुसऱ्या आठवड्यातच दिसू लागतात. विषाणू मात्र नाका-घशात लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या ३-४ दिवसांत सर्वाधिक असतो. माणूस दवाखान्यात येतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी विषाणू नाकात आहे आणि आपण सुई दंडात घालतो आहोत. रिपोर्ट निगेटिव्ह येणं जवळजवळ ठरलेलंच असतं.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे आणि ते काउंटरवर कुणी सांगत नाही. डेंग्यू किंवा लेप्टो बहुतेकांना आयुष्यात क्वचित होतो. खोकल्याचे विषाणू आपल्याला पुन्हा पुन्हा गाठतात. आरएसव्ही हा लहान मुलांच्या छातीत घरघर आणणारा विषाणू जवळजवळ प्रत्येक मुलाला दुसऱ्या वाढदिवसापर्यंत एकदा तरी होऊन गेलेला असतो. एचएमपीव्ही हा त्याच्यासारखाच श्वसनाचा विषाणू पाचव्या वर्षापर्यंत. जानेवारी २०२५ मध्ये त्याची बातमी गाजली तेव्हा ‘एचएमपीव्हीची रक्ततपासणी आहे का’ अशी विचारणा सुरू झाली होती. ती केली असती तर गावातली जवळपास सगळी मोठी माणसं आयजीजी पॉझिटिव्ह निघाली असती. इन्फ्लुएंझाचंही तेच. तेव्हा मोठ्या माणसाच्या रक्तात यांचं आयजीजी सापडणं म्हणजे तो माणूस आहे आणि श्वास घेतो आहे, एवढाच पुरावा.

मग आयजीएम बघावं, तर तिथे उलटी अडचण. आयजीएम जोमाने तयार होतं ते शरीराला विषाणू पहिल्यांदा भेटतो तेव्हा. जुनी ओळख असली की स्मृतिपेशी थेट आयजीजी वाढवतात आणि आयजीएम कमी बनतं, कधी मोजण्याइतकं बनतच नाही. प्रौढ माणसाला इन्फ्लुएंझा झालेला असूनही आयजीएम निगेटिव्ह येतं ते यामुळे. अँटीबॉडीची स्मृती किती लांब जाते याचं उदाहरण २००९ च्या साथीत दिसलं. तो एच१एन१ विषाणू नवा होता, तरी १९५७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांच्या रक्तात त्याला ओळखणाऱ्या अँटीबॉडी आधीच होत्या, कारण त्यांच्या बालपणी फिरत असलेले विषाणू त्याच कुळातले होते. साठी उलटलेल्या माणसाच्या रक्तातली अँटीबॉडी या आठवड्याची की पन्नास वर्षांपूर्वीची, हे एका नमुन्यावरून ओळखायला मार्ग नाही.

साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसबद्दल एकच वाक्य पुरे: त्याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, त्याची अँटीबॉडी तपासणी कुणी देऊ केली तर घेऊ नका.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत आणखी सांभाळावं लागतं. आईचं आयजीजी नाळेतून बाळाकडे जातं आणि जन्मानंतर काही महिने टिकतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं आयजीजी पॉझिटिव्ह आलं तर तो बहुधा आईचा इतिहास असतो. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवलेल्या रुग्णातही अँटीबॉडी उसन्या असू शकतात.

नऊ जंतूंचं पॅनल

रेस्पिरेटरी आयजीएम पॅनल हे या यादीतलं सर्वात दिमाखदार उत्पादन. एका काचेवर दहा गोल खळगे असतात. नऊ खळग्यांत नऊ जंतू आणि दहाव्यात ताळ्यासाठी विषाणू नसलेल्या पेशी. यांतले पाच विषाणू: ॲडिनो, आरएसव्ही, इन्फ्लुएंझा ए, इन्फ्लुएंझा बी आणि पॅराइन्फ्लुएंझा. उरलेले चार जीवाणू: लिजिओनेला, मायकोप्लाझ्मा, क्लॅमिडिया आणि कॉक्सिएला. रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव) घालायचं, धुवायचं, मग चमकणाऱ्या रंगाची जोड दिलेलं प्रति-आयजीएम (आयजीएमला चिकटणारं प्रथिन) घालायचं आणि फ्लोरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक बघायची.

पद्धत जुनी आहे, शास्त्रशुद्ध आहे. गोंधळ होतो तो तीन ठिकाणी.

पहिलं, सीरममधलं आयजीजी आधी शोषून काढावं लागतं. ते राहिलं तर ज्यांच्या रक्तात संधिवाताचा घटक, म्हणजे आरए फॅक्टर आहे त्यांच्यात तो घटक त्या आयजीजीला चिकटतो, आणि स्वतः आयजीएम जातीचा असल्यामुळे खोटी चमक देतो. ही पायरी घाईत उरकली की संधिवाताचा प्रत्येक रुग्ण ‘इन्फ्लुएंझा पॉझिटिव्ह’ होण्याचा धोका. दुसरं, चमक आहे की नाही हे माणसाच्या डोळ्यावर ठरतं. सूक्ष्मदर्शकाचा दिवा जुना झाला की फिकट पॉझिटिव्ह सुटतात, आणि नवखा वाचणारा पेशींची मूळ चमक पॉझिटिव्ह धरतो. म्हणूनच दहावा खळगा आधी बघायचा असतो. तिसरं, पॅराइन्फ्लुएंझाचे प्रकार आपसांत आणि गालगुंडाच्या विषाणूशी गल्लत करतात. पॅराइन्फ्लुएंझा पॉझिटिव्ह आलेल्या मुलाचे गाल सुजलेत का, हे आधी बघावं.

याहून मोठा दोष गणिताचा आहे. समजा, यातली प्रत्येक तपासणी ९५ टक्के वेळा निरोगी माणसाला बरोबर निगेटिव्ह म्हणते. आकडा चांगला वाटतो. पण नऊ तपासण्या एकदम केल्या तर नऊच्या नऊ बरोबर निगेटिव्ह येण्याची शक्यता ०.९५ चा नऊ वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.६३. उरलेले ३७ टक्के कुठेतरी एक खोटी पॉझिटिव्ह घेऊन घरी जातात. यांतला एकही जंतू अंगात नसलेल्या शंभर जणांची तपासणी करा, सदतीस जणांच्या रिपोर्टवर काही ना काही ठळक अक्षरांत छापून येईल. मग लिजिओनेलाच्या नावाने अँटिबायोटिक सुरू होतं, घर धास्तावतं, आणि मूळ आजार तपासायचा राहून जातो. या पॅनलला पाचपैकी एकच गुण देता येतो, आणि तोही मायकोप्लाझ्मासाठी, तेही आजार आठवड्याहून जास्त रेंगाळला असेल तरच.

एकेरी तपासणीतही हेच गणित लागू पडतं. १,००० खोकणाऱ्यांपैकी ५० जणांना खरोखर एक ठरावीक विषाणू आहे असं धरा. तपासणी ९० टक्के आजारी ओळखते आणि ९० टक्के निरोगींना सोडते. खरे पॉझिटिव्ह ४५, खोटे ९५. म्हणजे पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात असलेल्या १४० जणांपैकी दोन-तृतीयांश लोकांना तो विषाणू झालेलाच नाही. साथ ओसरलेली असताना ही तपासणी जास्त फसवते ती यामुळे.

दहा मिनिटांची कार्ड तपासणी

प्लास्टिकची पांढरी पट्टी, बोटाच्या टोकाचं रक्त, दोन थेंब द्रावण, तीन जागी रेघा: सी (कंट्रोल, म्हणजे ताळ्याची रेघ), जी (आयजीजी) आणि एम (आयजीएम). ही कार्डं २०२० पासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आयसीएमआरने २१ तारखेला राज्यांना रॅपिड अँटीबॉडी किटचा वापर दोन दिवस थांबवायला सांगितलं आणि २७ तारखेला दोन कंपन्यांची किट परत करायला सांगितली, कारण प्रत्यक्ष वापरात त्यांचे निकाल फार बदलत होते. पुढे ही तपासणी रोगनिदानासाठी न वापरता लागण किती पसरली हे पाहण्यासाठी वापरावी, हीच दिशा राहिली.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. कोविडची अँटिजेन तपासणीही अशाच दिसणाऱ्या पट्टीवर होते. अँटिजेन म्हणजे विषाणूचाच तुकडा. तो नाकाच्या स्वॉबमध्ये शोधतात आणि पहिल्या ५-६ दिवसांत तो उपयोगी आहे. अँटीबॉडी म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेलं प्रथिन. ते रक्तात शोधतात. औषधाच्या दुकानात किंवा लॅबमध्ये किट हातात आलं की एवढंच बघा: खोक्यात स्वॉबची काडी आहे की बोट टोचायची सुई. सुई असेल तर आजच्या खोकल्याला त्या किटचा उपयोग नाही.

तरी कुठे वापरावं लागलंच तर आपल्या हवेत बिघडतं ते असं. किट साधारण २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात मे महिन्यात हा आकडा सहज ओलांडतो. फ्रिजमधून काढलेली पिशवी लगेच फोडली की जुलैच्या दमट हवेत पट्टीवर दव धरतं. बंद पिशवी अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवून मगच फोडावी. फोडल्यावर पट्टी लगोलग वापरायची. रांगेतल्या दहा जणांसाठी दहा पिशव्या एकदम फोडून ठेवणं चुकीचं. पिशवीतल्या सिलिका जेलच्या पुडीचा रंग बदललेला दिसला तर ती पट्टी टाकून द्या. रक्त जास्त पडलं की पट्टी लालभडक होऊन फिकट रेघ झाकली जाते. कमी पडलं की रेघ उमटतच नाही. पट्टी सपाट टेबलावर हवी, तळहातावर नको. निकाल पत्रकात दिलेल्या वेळेलाच वाचायचा, बहुतेक किटमध्ये १० ते १५ मिनिटांनी. अर्ध्या तासाने दिसणारी राखाडी सावली ही वाळल्याची खूण असते, तिला पॉझिटिव्ह म्हणू नये.

आणि सी-ची रेघ आली म्हणजे तपासणी नीट झाली असं मानू नका. ती रेघ फक्त द्रव शेवटपर्यंत वाहिला आणि रंग शाबूत आहे एवढंच दाखवते. पुरेसं रक्त घातलं होतं की नाही, हे तिला कळत नाही.

एलायझा आणि घाटावरचा प्रवास

कार्डापेक्षा एलायझा आणि यंत्रावर होणारी केमिल्युमिनिसन्स तपासणी पुष्कळ भरवशाची. एलायझात सीरम पातळ करतात, खळग्यात उबवतात, पाच-सहा वेळा धुतात, रंग आणणारं द्रावण घालतात आणि ४५० नॅनोमीटरवर रंगाची गडदता मोजतात. रिपोर्टवर येणारा आकडा हा ठरावीक मर्यादेशी केलेला भागाकार असतो. पुष्कळ किटमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह आणि मधला पट्टा ‘संदिग्ध’. हा मधला पट्टा रिपोर्टवर लिहिणारी लॅब प्रामाणिक समजावी. संदिग्ध रिपोर्टचा अर्थ ‘थोडासा आजार आहे’ असा नसतो. १०-१४ दिवसांनी पुन्हा रक्त द्या, एवढाच तो अर्थ. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहू नये. किट बदललं की माप बदलतं.

एलायझाची प्लेट ९६ खळग्यांची. एका रुग्णासाठी ती लावणं लॅबला परवडत नाही, म्हणून नमुने साठेपर्यंत थांबतात. कणकवली किंवा चिपळूणच्या कलेक्शन सेंटरवर दिलेलं रक्त बहुधा तिथे तपासलंच जात नाही. ते कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला जातं. रिपोर्ट येईतो ताप उतरलेला असतो. ‘नमुना कुठे तपासला जाणार आणि तिथे ही तपासणी आठवड्यातून कोणत्या वारी लावतात’ हा प्रश्न काउंटरवर जरूर विचारा. उत्तर देता येत नसेल तर ते सेंटर फक्त बाटल्या गोळा करणारं आहे.

रक्त घाट चढून जातं तेव्हा त्याचं काय होतं, हेही ग्राहकाला माहीत हवं. ३ ते ५ मिलिलिटर रक्त लाल किंवा पिवळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये घेतात. ट्यूब उभी ठेवून अर्धा तास गोठू द्यायची, मग सेंट्रिफ्यूजवर १० मिनिटं फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं करायचं, आणि ते सीरम २ ते ८ अंशांत पाठवायचं. चूक होते ती इथेच. वीज गेली म्हणून किंवा गाडी निघाली म्हणून न फिरवलेलं रक्तच फोंडा, करूळ किंवा आंबा घाटातून पाठवलं जातं. खड्ड्यांतून हादरत गेलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, सीरम लालसर होतं आणि रंगावर चालणाऱ्या मोजणीत गडबड होते. बर्फाच्या पिशवीला ट्यूब थेट टेकवली तरी हेच होतं. मध्ये कागद किंवा कापसाचा थर हवा. दरड कोसळून घाट बंद पडला तर सीरम थंड पेटीत काही दिवस टिकतं, न फिरवलेलं रक्त टिकत नाही. चांगली लॅब असा नमुना परत पाठवते आणि ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा देते. तो शेरा आला तर चिडू नका, दुसऱ्यांदा रक्त द्या. शेरा न देता आकडा छापणारी लॅब जास्त वाईट.

दोन नमुन्यांची पद्धत

अँटीबॉडीवरून श्वसनाच्या विषाणूचं निदान करायची खरी रीत ही आहे, आणि ती दरपत्रकावर नसते. पहिला नमुना लक्षणं सुरू झाल्यापासून ५-७ दिवसांच्या आत. दुसरा त्यानंतर २ ते ३ आठवड्यांनी. दोन्ही सीरम एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, शेजारी शेजारी तपासायची. मापाला टायटर म्हणतात: सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत जायचं, १:१०, १:२०, १:४०, १:८०, आणि कुठपर्यंत अँटीबॉडी सापडते ते पाहायचं. १:२० वरून १:८०, म्हणजे चौपट वाढ झाली तर तो संसर्ग ताजा. १:२० वरून १:४० म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही; एका पायरीचा फरक तोच नमुना पुन्हा तपासला तरी येऊ शकतो. एकाच नमुन्यात १:३२० आलं तरी तो पुरावा नव्हे, वाढ दिसली पाहिजे.

इन्फ्लुएंझासाठी यातली जुनी आणि अजूनही मानाची तपासणी म्हणजे हिमॲग्लुटिनेशन इन्हिबिशन. जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं की इन्फ्लुएंझाचा विषाणू कोंबडीच्या तांबड्या पेशींना एकत्र चिकटवतो. रुग्णाच्या सीरममध्ये अँटीबॉडी असेल तर हे चिकटणं थांबतं आणि पेशी खळग्याच्या तळाशी नीट बटणासारख्या बसतात. पण सीरममध्ये अँटीबॉडी नसलेले इतरही पदार्थ हे चिकटणं रोखतात. म्हणून आधी एका विकराने रात्रभर ३७ अंशांवर आणि नंतर ५६ अंशांवर अर्धा तास सीरम तयार करावं लागतं. इतका खटाटोप पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या संदर्भ प्रयोगशाळेत शोभतो. तिथे तो साथींच्या अभ्यासासाठी आणि लशींसाठी होतो, तुमच्या खोकल्यासाठी नाही.

आपल्याकडे दोन नमुन्यांची पद्धत मोडते ती साध्या कारणांनी. पहिलं सीरम उणे २० अंशांत जपून ठेवायला सांगितलेलं नसतं, आणि लॅब ते आठवडाभरात टाकून देते. दुसरं म्हणजे, ताप उतरल्यावर कुणी पुन्हा सुई टोचून घ्यायला येत नाही. गणपतीला आलेल्या चाकरमान्याचा पहिला नमुना गुहागरला आणि दुसरा डोंबिवलीला झाला तर दोन किटांच्या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. डॉक्टरांनी दोन नमुने सांगितले असतील तर पहिल्याच दिवशी काउंटरवर लेखी सांगा: ‘सीरम गोठवून ठेवा, दुसऱ्याबरोबर तपासायचं आहे.’ सीरम दोन छोट्या कुप्यांत विभागून ठेवलं तर उत्तम, कारण पुन्हा पुन्हा वितळवलं-गोठवलं की अँटीबॉडी कमी भरते.

रक्त जिथे खरंच हवं

मूल कोविडमधून उठून दोन ते सहा आठवडे झाले आणि त्याला जोराचा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, हृदयावर ताण असं सगळं एकदम आलं, तर डॉक्टर एमआयएस-सीचा, म्हणजे कोविडनंतर मुलांच्या अनेक अवयवांना येणाऱ्या सुजेचा विचार करतात. तेव्हा नाकात विषाणू उरलेला नसतो, पीसीआर निगेटिव्ह येतं आणि अँटीबॉडीच पूर्वीच्या संसर्गाचा पुरावा देते. ही तपासणी त्या मुलासाठी मोलाची आहे. गोवराचा विषाणूही श्वासावाटेच पसरतो. त्यात पुरळ आल्यानंतर चौथ्या दिवसापासून आयजीएम चांगलं सापडतं आणि निदानासाठी तेच वापरतात.

पाहणीसाठी तर अँटीबॉडीला पर्यायच नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मे-जून २०२० मध्ये ०.७३ टक्के प्रौढांत कोविडची अँटीबॉडी आढळली, जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या फेरीत ६७.६ टक्के लोकांत. साथ किती खोलवर गेली हे असं कळतं. एका माणसाला आज काय झालंय, ते नाही.

कोविडच्या रिपोर्टवर ‘एस’ की ‘एन’ अँटीबॉडी मोजली हेही वाचा. कोविशिल्ड शरीराला फक्त एस, म्हणजे स्पाइक प्रथिन दाखवते. त्यामुळे फक्त कोविशिल्ड घेतलेल्याचं एन पॉझिटिव्ह आलं तर त्याला कधीतरी संसर्ग झालेला आहे. कोवॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला अख्खा विषाणू असतो, म्हणून ती घेतलेल्यात एन पॉझिटिव्ह आलं तरी लस की संसर्ग हे सांगता येत नाही. लस कोणती घेतली हे न विचारता दिलेला अर्थ चुकतो.

आणि कोकणापुरती एक गोष्ट ठळक करून सांगायला हवी. शेतात, ओहोळात, चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आणि खोकला आला तर तो लेप्टो असू शकतो. लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव होतो तेव्हा सुरुवात खोकल्यानेच होते. पिंढऱ्या दुखतात का, डोळे लाल आहेत का, लघवी कमी झाली का हे डॉक्टरांना सांगा. लेप्टोसाठी रक्त द्याच, पण औषध रिपोर्टसाठी थांबत नाही. खोकल्याच्या पॅनलमध्ये लेप्टो नसतो, हेही ध्यानात ठेवा.

मग घ्यायचं काय

साधा ताप, सर्दी, घसा दुखतोय, दम लागत नाही: कोणतीच तपासणी नको. स्वाइन फ्लूच्या सरकारी वर्गवारीत हा ‘अ’ वर्ग. घरी थांबा, २४ ते ४८ तासांनी पुन्हा दाखवा. गरोदर स्त्री, ६५ वर्षांवरचं माणूस, दमा, मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असणारे ‘ब’ वर्गात येतात. त्यांना डॉक्टर तपासणीशिवायच ओसेल्टामिविर हे इन्फ्लुएंझावरचं औषध देऊ शकतात. प्रौढांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस, आणि पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वात उपयोगी. अँटीबॉडीच्या रिपोर्टची वाट बघण्यात नेमके हे तास जातात. दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, रक्ताळ थुंकी, निळी पडलेली नखं, रक्तदाब उतरणं हा ‘क’ वर्ग. तिथे थेट रुग्णालय, आणि स्वॉब तिथेच.

स्वॉब घेताना काडी पॉलिएस्टर किंवा नायलॉनची हवी. लाकडी दांडीची कापसाची काडी पीसीआर बिघडवते. नाकातली काडी वर कपाळाकडे न नेता सरळ मागे, नाकपुडीपासून कानाच्या भोकाच्या रेषेत, आत थांबून फिरवून काढायची. डोळ्यांत पाणी आलं नाही तर ती बहुधा पुरेशी आत गेलेली नाही. घशाची काडी टॉन्सिल आणि मागच्या भिंतीवर, जिभेला न लावता. दोन्ही काड्या व्हीटीएमच्या (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रावणाच्या) एकाच कुपीत, दांडी खुणेवर मोडून, झाकण घट्ट. कुपीभोवती कापूस, त्यावर गळू न देणारी पिशवी, मग बर्फाची पेटी. २ ते ८ अंशांत राहिला तर नमुना ७२ तासांपर्यंत चालतो.

२०२० मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात कोविडसाठी आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पण पीसीआर म्हणजे सगळे विषाणू असं नाही. कोविडचं पीसीआर इन्फ्लुएंझा दाखवत नाही, इन्फ्लुएंझाचं आरएसव्ही दाखवत नाही. बाळाच्या छातीत घरघर असेल तर आरएसव्ही त्यात आहे का हे पैसे भरण्याआधी विचारा. अनेक विषाणू एकदम शोधणारं पीसीआर पॅनल महाग असतं. ते अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्यासाठी राखावं. इन्फ्लुएंझाचं झटपट अँटिजेन किट मिळालं तर त्याचं पॉझिटिव्ह साथीच्या दिवसांत धरून चालता येतं, निगेटिव्ह मात्र धरू नये.

फॉर्मवर लक्षणं सुरू झाल्याची तारीख, स्वॉब घेतल्याची तारीख, कोणती लस कधी घेतली आणि ओसेल्टामिविर सुरू झालं आहे का, या चार गोष्टी भरल्याशिवाय नमुना देऊ नका. रिकाम्या फॉर्मवर आलेल्या निगेटिव्हचा अर्थ लावायला प्रयोगशाळेकडेही काही नसतं.